गिअर माझा, आकडा कोणाचा?

धर्मापुरीच्या स्टँडजवळ माझ्या मामूंचं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, पत्र्याचं शेड, पुढे पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं, खिळ्याला टांगलेल्या ट्यूबा आणि कोपऱ्यात तेलाने काळा पडलेला डालड्याचा डबा. त्या डब्यात जुन्या सायकलींचं सगळं सामान असायचं. छर्रे, कॉटर पिना, वायसर, चेनच्या कड्या, झिजलेलं पण टाकवत नाही असं फ्रीव्हील. शाळेला सुट्टी लागली की मी मामूंकडे, आणि मामूंनी पहिलं काम दिलं ते हा डबा निवडायचं.

गिऱ्हाईक हिरो घेऊन येवो, अ‍ॅटलस आणो की आजोबांच्या वेळची रॅले, मामू त्याच डब्यात हात घालायचे. कॉटर पिन हवी? ही घ्या. जरा कानशीने घासली की बसली. अठरा दात्यांचं फ्रीव्हील लुधियानाच्या कुठल्याही कारखान्यातलं असो, ते बसायचंच. पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्याला ४०, टायर २८ इंची. चेनच्या एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचं अंतर अर्धा इंच. कंपन्या एकमेकींच्या वैरी असतील, जाहिरातीत भांडत असतील, पण मामूंच्या डब्यात त्या गुण्यागोविंदाने नांदायच्या.

हे आठवायचं कारण वेगळं आहे. मागच्या ईदला मी माझी गिअरची सायकल घेऊन गावी गेलो. मामू आता थकलेत, दुकान कधीच बंद झालंय, पण सायकल दिसली की हात लावल्याशिवाय राहवत नाही. हँडलवरचा छोटा पडदा बघून म्हणाले, "ये क्या टीव्ही लगाया रे हँडल को?"

"टीव्ही नहीं मामू, सायकल का कंप्यूटर है."

"सायकल को कंप्यूटर? क्या हिसाब करता?"

मी सांगितलं. वेग, अंतर, चढ, हृदयाचे ठोके, पायाचा जोर, रस्त्याचा नकाशा. आणि महागाच्या सायकलींमध्ये आत्ता कुठला गिअर लागलाय तेही. मामूंनी विचारलं, "मग हे कुठल्याही सायकलला लागतं का?" प्रश्न साधा होता. उत्तर द्यायला मला अर्धा तास लागला, आणि ते देताना माझीच मला लाज वाटत गेली. म्हणून हा लेख.

ज्यांचा या जगाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पुण्या-नाशकात लांब पल्ल्याची सायकल चालवणारा मोठा वर्ग आता तयार झाला आहे. नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी 'रेस अ‍क्रॉस अमेरिका' पूर्ण करून आले, तेव्हापासून तर मराठी वर्तमानपत्रांनाही हा खेळ कळायला लागला. ब्रेव्हे नावाचा प्रकार असतो. त्यात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत संपवायचे. स्पर्धा नाही, स्वतःशीच पैज. रात्री दोन वाजता कुठल्याशा घाटात एकटं चढताना हँडलवरचा तो लुकलुकणारा पडदा सोबत्यासारखा वाटतो.

या पडद्याला आकडे पुरवणारी यंत्रं वेगवेगळ्या कंपन्यांची. छातीचा पट्टा एकाचा, पायडलचं जोरमापक दुसऱ्याचं, गिअर तिसऱ्याचा. ते बिनतारी बोलतात. त्यासाठी दोन भाषा रूढ आहेत. एक आपल्या सगळ्यांच्या मोबाईलमधलं ब्लूटूथ, दुसरी 'अँट प्लस'. अँट प्लस कॅनडातल्या डायनास्ट्रीम कंपनीने बनवली आणि २००६ मध्ये ती कंपनी गार्मिनने विकत घेतली. गार्मिन स्वतः सायकलचे कंप्यूटर विकते, तरी तिने ही भाषा प्रतिस्पर्ध्यांनाही वापरू दिली. वाहूसारखी कट्टर स्पर्धक कंपनीही हीच भाषा बोलत राहिली. धंद्यात असं होऊ शकतं, हे इथे नोंदवून ठेवतो, पुढे कामाला येईल.

आता मूळ भांडण.

सायकलच्या गिअरच्या धंद्यात दोन पैलवान आहेत. एक जपानची शिमानो, १९२१ मध्ये ओसाकाजवळच्या साकाई शहरात सुरू झालेली. तिचा पहिला माल काय होता माहीत आहे? फ्रीव्हील. मामूंच्या डब्यातलीच वस्तू. दुसरी अमेरिकेची स्रॅम, १९८७ मध्ये शिकागोत जन्मलेली. इटलीची कँपानोलो तिसरी, जुनी आणि खानदानी, पण या गोष्टीत तिला काम नाही.

शिमानोचा वरच्या दर्जाचा गिअर विजेवर चालतो, त्याला डीआय-टू म्हणतात. बटण दाबलं की छोटी मोटर चेन सरकवते. तो गिअर आपली खबर कंप्यूटरला देतो. कितव्या चकतीवर चेन आहे, बॅटरी किती उरली आहे. वर ब्रेकच्या मुठीच्या टोकाशी एक लपलेलं बटण असतं, ते दाबून हँडलवरचा हात न हलवता कंप्यूटरची पानं उलटता येतात. ही खबर मात्र शिमानो खुल्या अँट प्लसमध्ये देत नव्हती. स्वतःची खाजगी बोली ठेवली होती, आणि ती समजून घ्यायची तर कंप्यूटर बनवणाऱ्याने शिमानोची परवानगी घ्यायची.

न्यूयॉर्कच्या हॅमरहेड कंपनीच्या 'कारू-२' या कंप्यूटरला ही बोली कळत होती. (कारू हे दक्षिण आफ्रिकेतल्या एका कोरड्या पठाराचं नाव. आम्हा मराठवाड्याच्या माणसांना ते उगीच आपलं वाटतं.) लोकांनी तो विकत घेतला, शिमानोच्या गिअरला जोडला, चांगलं चाललं होतं. जानेवारी २०२२ मध्ये स्रॅमने हॅमरहेड विकत घेतली. म्हणजे शिमानोच्या वैऱ्याच्या घरात आता शिमानोची बोली समजणारा एक माणूस बसला. मे महिन्यात हॅमरहेडने आपल्या ग्राहकांना कळवलं की शिमानोच्या सांगण्यावरून डीआय-टूशी संबंधित सगळ्या सोयी आम्ही काढून टाकत आहोत. पुढचं अपडेट आलं आणि पडद्यावरचा गिअरचा आकडा, बॅटरीची खूण, बटणाने पानं उलटणं, सगळं गेलं.

जगबुडी झाली नाही. गिअर पडत होते, सायकल धावत होती. शिमानोचं जोरमापक खुल्या भाषेत बोलतं, म्हणून तेही दिसत राहिलं. श्रीमंतांच्या खेळण्यातला एक आकडा गायब झाला, त्यात एवढं काय, असं कोणी म्हणेल. मीही आधी तेच म्हटलं होतं. पण मामूंना हे सांगताना त्यांच्या कपाळावर जी आठी पडली, ती बघून मला माझं म्हणणं पुन्हा तपासावं लागलं.

मामूंनी विचारलं, "पैसे दिले होते ना त्याने?"

दिले होते. दुकानात जे दाखवलं होतं त्याचेच दिले होते. गिअरचे शिमानोला दिले आणि कंप्यूटरचे हॅमरहेडला दिले. त्याने कुठलाही करार मोडला नव्हता. दोन मालकांचं आपसात बिनसलं आणि घरात शिरून याच्या मालातला एक तुकडा काढून नेला. चोर निदान कुलूप तोडतो, इथे तर 'अपडेट उपलब्ध आहे' असा निरोप येतो आणि आपण स्वतःच हो म्हणून बोट लावतो. सौदा झाला, पैसे दिले, माल घेणाऱ्याचा झाला, हे मामूंना कुठल्या फिक्हच्या किताबात वाचावं लागलं नव्हतं. विकलेल्या सायकलची घंटी दुसऱ्या दिवशी जाऊन काढून आणणारा दुकानदार धर्मापुरीच्या स्टँडवर एक दिवस टिकला नसता.

शिमानोच्या बाजूनेही बोलतो, कारण तिची बाजू अगदीच खोटी नाही. डीआय-टू तिने वर्षानुवर्षं खपून बनवलं. त्याची आतली बोली तिने एका छोट्या, तटस्थ कंपनीला शिकवली. ती कंपनी उद्या माझ्या सगळ्यात मोठ्या स्पर्धकाची झाली, तर मी माझ्या तिजोरीची किल्ली तिथे का राहू देऊ? आणि स्रॅमलाही हे व्यवहार करताना कळत नसेल असं मानणं भाबडेपणाचं. तिने विकत घेतानाच या सोयीवर पाणी सोडलं असणार, फक्त ते पाणी ग्राहकाच्या विहिरीचं होतं.

हे वैर आजचं नाही. पूर्वी गिअरचा खटका नुसता ताणाचा असायचा. बोटाने दांडी ओढायची, चेन बसली की सोडायची. कुणाचीही दांडी, कुणाचाही गिअर. १९८० च्या दशकाच्या मध्यावर शिमानोने ठराविक टप्प्यावर खटकन बसणारा गिअर आणला. चालवणाऱ्याला फार सुख झालं, पण आता दांडी, तार, गिअर आणि दातेरी चकत्या एकाच मापाच्या लागू लागल्या. म्हणजे एकाच घरच्या. त्याच काळात नवखी स्रॅम मुठीत फिरवायचा गिअर विकत होती आणि तो शिमानोच्या मालाला जोडता यावा असाच बनवत होती. पण जे सायकल कारखाने पूर्ण संच शिमानोचा घेतील त्यांना शिमानो सवलत द्यायची. मग एक सुटी मूठ स्रॅमची कोण घेणार? १९९० मध्ये स्रॅमने शिमानोवर अमेरिकेत दावा ठोकला, पुढच्या वर्षी कोर्टाबाहेर तडजोड झाली. म्हणजे एकेकाळी बंद दारावर धडका देणारी हीच स्रॅम. आत आल्यावर तिने काय केलं? १९९५ च्या सुमाराला स्वतःचं वेगळं माप काढलं, जे शिमानोच्या गिअरला चालत नव्हतं. दाराबाहेर असताना सगळ्यांनाच खुला दरवाजा आवडतो.

तरीही स्रॅमच्या एका गोष्टीला दाद देतो. तिचे बिनतारी गिअर आपला आकडा अँट प्लसच्या खुल्या बोलीत सांगतात. त्यामुळे कुणाचाही कंप्यूटर तो वाचू शकतो. म्हणजे गिअरचा आकडा उघडपणे सांगितल्याने कंपनी बुडत नाही हे तिनेच सिद्ध केलं आहे. मी कितव्या गिअरमध्ये आहे हे काही शिमानोचं गुपित नाही. मान खाली घालून मागच्या चाकाकडे बघितलं तर मला दिसतंच. मोटर कशी फिरते, सिग्नल कसा जातो, ते गुपित ठेवा. पण माझ्या पायाखाली काय चाललंय त्याचा आकडा माझा आहे. या दोन गोष्टींची गल्लत कंपन्या मुद्दाम करतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझा स्वतःचा अनुभव याहून फुटकळ, पण त्याने जास्त चिडवलं. छातीचा पट्टा एका कंपनीचा, कंप्यूटर दुसऱ्याचा. दोन वर्षं सुरळीत. एका अपडेटनंतर पट्टा दर दहा मिनिटांनी नाहीसा व्हायला लागला. पट्ट्याच्या कंपनीला लिहिलं, उत्तर आलं की कंप्यूटरवाल्यांना विचारा. कंप्यूटरवाल्यांना लिहिलं, ते म्हणाले आमचाच पट्टा वापरून बघा. दोघांची भाषा अतिशय नम्र. नावं लिहीत नाही, कारण नावं बदलून हाच अनुभव आलेले वाचक पुष्कळ असतील. मी शेवटी पट्टा काढून ठेवला आणि मनगटाला बोट लावून ठोके मोजले. अंबाजोगाईच्या घाटात तेवढं पुरतं.

आता मूळ जखमेकडे येतो. 'पंक्चरवाला' हा शब्द आमच्या लोकांना टोमणा म्हणून फेकला जातो, हे वाचकांना सांगायला नको. मला त्या शब्दाची लाज कधी वाटली नाही. माझे मामू पंक्चर काढायचे, रिंगचा आऊट काढायचे, बॉटमचे छर्रे बदलायचे, आणि शेण-मातीने भरलेली सायकल ओव्हरहॉलिंग करून संध्याकाळपर्यंत नव्यासारखी करायचे. त्यांच्या हाताला न उघडणारी एकही वस्तू त्या सायकलमध्ये नव्हती. तांड्यावरून शाळेत येणाऱ्या पोरांचं वर्ष त्या हातांवर निभायचं. आजही मानव विकास कार्यक्रमात शाळेच्या मुलींना ज्या सायकली मिळतात, त्या चालू राहतात त्या कुठल्याशा स्टँडवरच्या अशाच एका माणसामुळे.

त्याच माणसासमोर आता विजेवरच्या गिअरची सायकल ठेवा. पाना आहे, हात आहे, अक्कल आहे. पण गिअरमध्ये बिघाड काय आहे हे बघायला कंपनीचं अ‍ॅप लागतं, जोडणीची परवानगी लागते, दोन वस्तूंच्या अपडेटचा मेळ लागतो. वस्तू बिघडलेली नसतानाही ती 'जोडली जात नाही' म्हणून निकामी होते. अशा बिघाडाला पाना लागत नाही. कारागिराचं कौशल्य हिरावून घ्यायला कोणी त्याचं दुकान पाडायची गरज उरलेली नाही. आज ही गोष्ट लाखाच्या सायकलीपुरती आहे. विजेची सायकल गावोगाव पोचेल तेव्हा ती दहा-वीस हजारांच्या सायकलीलाही लागू होईल. बॅटरी एकाची, मोटर दुसऱ्याची, आणि मध्ये बोलणं बंद.

हे टाळता येतं. चेनचंच बघा. शिमानोने १९७० च्या दशकात अर्ध्या इंचाऐवजी १० मिलिमीटरची चेन आणून बघितली, ती टिकली नाही. आजही शिमानो असो, स्रॅम असो की आमची काळी हिरो, दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंचच आहे. चेनची रुंदी बदलली, दाते बदलले, पण ते माप सगळ्यांनी सांभाळलं. दुसरं उदाहरण अगदी आपल्याकडचं. विजेच्या स्कूटरचा चार्जर प्रत्येक कंपनीचा वेगळा. त्यात बंगळुरूच्या एथरने आपल्या चार्जरच्या जोडणीची रचना इतरांना खुली केली, आणि २०२३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने तिच्यावर आधारलेलं राष्ट्रीय मानक मंजूर केलं. हिरोच्या विडा स्कूटरही तीच जोडणी वापरतात. कोणाचा धंदा बसला नाही.

खुलेपणा एका कंपनीच्या मर्जीवर सोडला तर काय होतं, तेही समोर आहे. गार्मिनने अँट प्लस इतकी वर्षं खुली ठेवली, आणि ३० जून २०२५ ला तिचं सदस्यत्व आणि प्रमाणपत्र देणं बंद केलं. युरोपातले बिनतारी सुरक्षेचे नवे नियम हे त्यामागचं कारण. जुनी यंत्रं चालतात, पण नवी यंत्रं या भाषेत शिकवणारी शाळा बंद झाली. म्हणून मला वाटतं की सार्वजनिक रस्त्यासारखी ही गोष्ट आहे. एखाद्या शेटजीने आपल्या शेतातून वाट दिली तर त्याचे आभार माना, पण गावाला पाणंद रस्ता नकाशावर हवा.

कारू-२ च्या गोष्टीला एक शेपूट आहे, ते सांगितलं नाही तर मामू रागावतील. दोन बलाढ्य कंपन्यांनी सोय बंद केल्यावर एका स्वतंत्र प्रोग्रामरने 'की-टू' नावाचं छोटं अ‍ॅप लिहिलं आणि फुकट वाटलं. कारू आतून अँड्रॉइडवर चालतो, त्यामुळे ते त्यात बसवता आलं आणि गिअरचा आकडा पुन्हा दिसू लागला. हे ऐकून मामू पहिल्यांदा हसले. म्हणाले, "मतलब वहाँ भी कोई बैठा है डब्बा लेके."

बसला आहे. पण किती दिवस सगळा भार त्याच्यावर टाकायचा? जुलै २०२२ मध्ये, म्हणजे हे सगळं घडलं त्याच उन्हाळ्याच्या पाठोपाठ, आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. त्याच वर्षी डिसेंबरात त्याचं पोर्टलही सुरू झालं. त्यात शेतीची अवजारं आहेत, मोबाईल आहेत, घरगुती उपकरणं आहेत, मोटारी आहेत. सायकल नाही. ज्या देशात सायकल दुरुस्त करणारा माणूस प्रत्येक नाक्यावर बसतो त्या देशाच्या यादीत सायकल नाही, कारण बहुधा कोणाला वाटलंच नाही की सायकल दुरुस्त करायला हक्क लागेल.

पुण्या-नाशकातल्या सायकल मंडळांनी ही मागणी करायला हवी. त्यांच्यात डॉक्टर आहेत, वकील आहेत, सॉफ्टवेअरवाले आहेत, मोठ्या हुद्द्यावरचे अधिकारी आहेत, त्यांचं ऐकलं जातं. मागणी दोनच ओळींची आहे. सायकल आणि विजेची सायकल या यादीत घाला. आणि विकताना जी जोडणी खोक्यावर छापली आहे, ती किमान अमुक वर्षं अपडेटने काढता येणार नाही, काढली तर पैसे परत, असं बंधन घाला. तोवर नवीन यंत्र घेताना दुकानदाराला एवढं विचारा की ही जोडणी खुल्या भाषेत होते की कंपनीच्या परवानगीने. बहुतेक दुकानदारांना माहीत नसतं. तरी विचारा, दहा जणांनी विचारलं की अकराव्याच्या वेळी तो माहिती काढून ठेवतो.

मामूंनी त्या दिवशी माझ्या सायकलची चेन पुसली, बोटाने ताण बघितला आणि मागच्या चाकाचा थोडा आऊट काढून दिला. पडद्याला हात लावला नाही.